गुंतवळ

डेंगी ऑगस्टमध्ये झाला. प्लेटलेट चढल्या, तोंडाला चव आली, राजवाड्यापाशी उभ्याउभ्या पोहे-जिलबी हाणण्याइतकी मी ठणठणीत झाले. आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, एकदा तर वरणात. (वरणातला माझाच, हे घरात एकमताने ठरलं.)

आधी शांपूवर संशय घेतला, मग नळाच्या पाण्यावर. बिचारी नर्मदा पंपांच्या जोरावर डोंगर चढून इंदूरला येते, तिच्यावरही आळ! तीन महिन्यांपूर्वीचा ताप कुणाच्या ध्यानातच नव्हता.

डॉक्टरांनी गळालेला एक केस उजेडात धरला. टोकाला बारीक पांढरी गाठ. म्हणाले, एरवी शंभरातले 10-15 केस विश्रांतीत असतात. मोठा ताप आला की वाढीला लागलेले पुष्कळसे एकदम वाढ थांबवतात, पण लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने जागेवरच बसून राहतात, मग निघतात. अशा गळतीला म्हणतात टेलोजेन एफ्लुव्हियम, हे नाव 1961 सालचं. लोह आणि थायरॉइड तपासून घ्या, बाकी सहा महिन्यांत थांबेल.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. "मग त्यात नवं काय? बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं आमची आई म्हणायची."

मी बोटांवर मोजलं. बाळ ओळखीचं हसायला लागतं ते दोन-तीन महिन्यांनीच की! बाळंतपणानंतरची गळती याच जातीची. हिशोब बरोबर, फक्त आळ बाळावर.

त्यांच्या लहानपणी गुंतवळ बोटाला गुंडाळून कोनाड्यात साठवायचे. पुरेशी झाली की गंगावन व्हायचं. आमच्याकडे कोनाडा नाही आणि शहर स्वच्छतेत कित्येकदा पहिलं आलेलं. रोज सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की मी मुठीत गुंतवळ धरून दोन डब्यांपुढे उभी. ओला की सुका? भाजीच्या देठांसारखे केसही कुजतातच की, पण सावकाश. शेवटी सुक्यात टाकते, कुणी पाहत नाही असं बघून.

फेब्रुवारीत कपाळावर बोटभर केस उगवले. तेल लावा, पाणी लावा, उभेच. सासूबाईंनी चष्मा लावून नीट न्याहाळलं.

"जावळ आलंय गं तुला. काढायचं कधी?"