पावसाळ्याआधीचे दोन डोस

माझ्या ६ वर्षांच्या मुलाला दमा आहे. गेल्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला फ्लूची लस लिहून दिली, कारण आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ९ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात, पुढे दरवर्षी एक. एका डोसला दीड-दोन हजार रुपये पडतात. आम्ही ते फारसा विचार न करता दिले.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या ७ वर्षांच्या मुलीलाही दमा आहे आणि आदल्या पावसाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले होते. मी लशीचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाफ द्यायला किती वेळा नेलं, पण अशी लस असते हे कुणी सांगितलंच नाही." पैशांची अडचण तर नंतरची.

आम्ही दोघी पालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरांनी सांगितले की राष्ट्रीय लसीकरणात फ्लूची लस नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून ती मोफत मिळते, पण गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना. बालरोगतज्ज्ञांची संघटना दम्याच्या मुलांना जोखमीच्या गटात धरते, तरी मोफत लशीच्या यादीत ती नाहीत, हे मला आजही उमगलेले नाही.

शेवटी लस आमच्याच डॉक्टरांकडे टोचून घेतली. पैसे मी दिले, ताईंनी ते पगारातून वळते करून घ्यायला लावले. एका घराच्या ओळखीवर झालेली ही सोय होती. शेजारच्या खोलीतल्या दमेकरी मुलाला तिचा काही उपयोग नव्हता.

मे महिन्यात मुलगी आजोळी गेली आणि दुसऱ्या डोसची तारीख टळली. पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, या धास्तीने ताई जायलाच तयार नव्हत्या. उशीर झाला तरी दुसराच डोस द्यायचा असतो, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर जूनमध्ये, इतर दोन घरांच्या कामावर खाडा करून, त्या मुलीला घेऊन आल्या. पंपाची सवय लागते या गैरसमजापोटी रोजचा इनहेलर त्यांनी बंद ठेवला होता, हेही त्याच दिवशी कळले, आणि लशीपेक्षा जास्त वेळ त्या बोलण्यात गेला.