खाजणी मालिका: तिसरी पिढी तारेवर उभी राहिली

पहिल्या दोन मूर्ती रंगवून झाल्या, तिसरीवर काम चालू आहे. नवीन मंडळींसाठी: खाजणी ही माझ्या कल्पनेतली जमात, परग्रहावरच्या चिखलात राहणारी, लांब पायांची. एका साम्राज्याने तिला जिंकलं. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या तिचं शरीर कसं बदललं, ते मला दाखवायचंय. साखळी, पट्टा, डागणी यांतलं काहीही मूर्तीवर नसेल. गुलामी अंगातच दिसायला हवी.

दुसऱ्या पिढीचा मी फक्त रंग काढून घेतला. ही कल्पना ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवरून सुचली. ऐरोलीहून बोटीने गेलात तर राखाडी पिल्लं आणि गुलाबी मोठे पक्षी एकाच थव्यात दिसतात. तो गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा. ते मिळालं नाही तर नवी पिसं फिकी येतात. म्हणजे विजेत्यांना जनुकांना हात लावायचीही गरज नाही, धान्यकोठाराची किल्ली ताब्यात असली की झालं.

तिसऱ्या पिढीत निवड सुरू होते. १९५९ साली रशियन जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. पारख फक्त स्वभावाची होती, तरी काही पिढ्यांत लोंबते कान, वळलेल्या शेपट्या आणि अंगावर पांढरे ठिपके दिसायला लागले. मला हे फार भयंकर वाटतं. कान पाडा असं कुणी सांगितलंच नव्हतं!

म्हणून खाजणीच्या डोक्यावरचा ताठ तुरा आता मधूनच मोडल्यासारखा पडलाय. आत तांब्याची बारीक तार, वर इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर. पुट्टी अर्धवट कडक झाल्यावर सुईने शिरा ओढल्या. त्या जिथे तुरा वाकतो तिथपर्यंतच ठळक आहेत, पुढे विरत जातात. पापण्याही जाड केल्या. पावसाळी दमट हवेत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पांढुरका पडतो, त्यामुळे प्रायमर ब्रशनेच लावणार.

चौथीसाठी डोळ्यांसमोर रेशमाचा पतंग आहे. हजारो वर्षं पाळल्यामुळे त्याला पंख असूनही उडता येत नाही. चौथ्या खाजणीच्या पायांत मी तार घालणारच नाही, ती साम्राज्याच्या चौकटीला टेकूनच उभी राहील. ही चौकट पितळी पट्टीची करू की अॅक्रिलिकची? पितळ डाख देऊन जोडताना पुट्टी तापून मऊ पडेल, ही एकच धास्ती आहे. कुणी केलं असेल तर आधी काय जोडलंत ते सांगा.