जुन्या दुचाकींसाठी पत्र्याची शेड: मे अखेरपर्यंतचं काम

मुळशी पट्ट्यातली ६ मीटर बाय ४ मीटरची शेड, वळचणीला उंची २.७ मीटर, मोभाला ३.३. आत येझदी, लॅम्ब्रेटा, चेतक अशा चार-पाच गाड्या राहतील. पाऊस बाहेर ठेवणं हे यातलं सोपं काम. बंद शेडमधल्या गाड्या गंजतात त्या आतल्या आत सुटणाऱ्या पाण्याने, म्हणून नोंदीत जास्त जागा त्यालाच.

जानेवारी अखेर, कोबा

जोतं जमिनीपासून ३०० मिमी वर. १५० मिमी दगडी सोलिंग, त्यावर ५० मिमी क्रशसँड दाबून, मग २५० मायक्रॉनचं पॉलिथिन आणि वर १०० मिमी काँक्रीट. पॉलिथिनचे जोड ३०० मिमी एकावर एक घेऊन टेप लावली, कडा जोत्याच्या माथ्यापर्यंत वळवल्या. घमेली घेऊन माणसं त्यावरून चालतात तेव्हा एखादा टोकदार खडाही पुरतो. काँक्रीट पडण्याआधी भोकं शोधून चिकटवणं हे अर्ध्या तासाचं काम, पण नंतर करता येत नाही.

काम जानेवारीत काढलं ते पाण्याच्या हिशेबाने. एका घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १८० लिटर पाणी पडतं. सिमेंट ३२० किलो धरलं तर त्याला रासायनिकरीत्या लागतं ८० लिटरच्या आसपास. उरलेलं १०० लिटर कधी ना कधी बाहेर पडणार. इथे काँक्रीट २.४ घनमीटर, म्हणजे २४० लिटर, आणि खाली पॉलिथिन असल्याने ते वरच येणार. इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब धरला तर चार इंचांना चार महिने. एप्रिलात कोबा टाकून जूनमध्ये गाड्या आत लावल्या, तर पहिल्या पावसाळ्यात छताला जे थेंब लटकतात ते पुष्कळदा ढगातले नसतात, मिक्सरमधले असतात.

वाळलं का, हे पाहायला दीड फूट बाय दीड फूट पॉलिथिन चारही कडांनी टेपने पक्कं चिकटवून १६ तास ठेवा. खाली दव किंवा काळा डाग दिसला तर अजून थांबा.

मार्च, सांगाडा

दर २ मीटरवर एक अशा चार चौकटी. आठ खांब ७५ बाय ७५ बाय ३ मिमी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) चौरस पाइपचे, मीटरला ६.८ किलो, खांबांचंच वजन १४७ किलो होतं. पर्लिन (छताचे पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे पाइप) ४० बाय ४० बाय २ मिमी, प्रत्येक उतारावर तीन ओळी. बेसप्लेट २०० बाय २०० बाय १० मिमी, प्रत्येकीला १२ मिमीचे चार अँकर फास्टनर. वेल्डिंगच्या जागी जस्त आधी घासून काढायचं (जस्ताचा धूर वाईट असतो, वेल्डिंग मोकळ्या हवेतच करा), नंतर झिंक प्रायमरचे दोन हात. पाइपची उघडी तोंडं बंद करा आणि खांबाला बेसप्लेटच्या लगेच वर ८ मिमीचं भोक ठेवा. पोकळ पाइपातही दव सुटतं आणि वाट नसेल तर ते बुडाशी साचून राहतं.

एप्रिल, छत

डिसेंबरातली निरभ्र रात्र घ्या. हवा १८ अंश, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं तो) १४.५. पत्रा आपली उष्णता थेट आकाशाला देतो आणि हवेपेक्षा चार-पाच अंश खाली जातो. १३ अंशाच्या पत्र्याला दव धरणारच.

आता दुसरा हिशेब. शेडमध्ये ७२ घनमीटर हवा, तिच्यात या स्थितीला पाणी एकूण ९०० ग्रॅमच्या आत. त्यातलं पत्र्यावर सुटेल ते जेमतेम एका छोट्या वाटीइतकं. सकाळी खाली बादली ठेवावी लागत असेल तर पाणी सतत कुठून तरी येतंय: कोबा, ओलं लाकूड, धुऊन आत लावलेली गाडी. तो उगम सोडून छतावर कितीही खर्च केला तरी थेंब थांबत नाहीत.

पत्र्याखाली १० मिमी एक्सएलपीई फोम (उष्णता अडवणारा पॉलिथिनचा फोम) घातला. तो असला की आतला पृष्ठभाग हवेपेक्षा दीड-दोन अंशच खाली राहतो, म्हणजे १६ च्या वर, दवबिंदूच्या पलीकडे. १.२ मीटर रुंद रोलचे ४.८ मीटरचे सहा तुकडे एका वळचणीपासून मोभावरून दुसऱ्या वळचणीपर्यंत, ५० मिमी जोड, वर ॲल्युमिनियम टेप. रोल लागला २९ मीटर. झोळ पडू नये म्हणून खाली जीआयची कोंबडी जाळी. वर ०.५ मिमीचे २.४ मीटर लांब पत्रे, प्रत्येक बाजूला सात.

फोम पर्लिनच्या वर, पत्र्याच्या खाली येतो. आधी पत्रा ठोकून मागून खालच्या बाजूने फोम चिकटवला, तर मध्ये उरलेल्या फटीत ओली हवा शिरते, पाणी तिथे सुटतं आणि दिसत नाही. फोम बरोबर बसला तरी स्क्रूची टोकं थंड राहतात. थेंब सरळ ओळीत पडत असले तर गळती शोधत वर चढू नका, आधी पर्लिनखाली डोकावणारी टोकं पाहा.

बाजूचे पत्रे जोत्याच्या माथ्याच्या ५० मिमी खालपर्यंत, बाहेरून उतरवले. पत्रा जोत्यावर टेकवला की आतून ओघळलेलं पाणी कोब्यावरच येतं. ही चूक तयार शेडमध्येही फार दिसते.

मे, झरोके

जमिनीच्या क्षेत्राचा १५० वा भाग झरोक्यांसाठी मोकळा लागतो, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. जाळी एक तृतीयांश खाते, म्हणून ३०० बाय २०० मिमीचे चार झरोके: दोन समोरासमोर तळाशी, दोन त्रिकोणी भिंतींत वर. चारहींना बंद होणारी झडप हवीच. हवा खेळती ठेवा हा सल्ला हिवाळ्यात बरोबर आहे, जूनमध्ये उलटतो. बाहेर २९ अंश, ८० टक्के म्हणजे दवबिंदू २५. रात्रीच्या पावसाने कोबा आणि इंजिनं २४ वर आलेली असतात. त्या दुपारी दार उघडं टाकलं की कोबा घामेजतो आणि सिलिंडरच्या पंखांवर दव धरतं.

झडप उघडायची की नाही हे ठरवायला दोन हायग्रोमीटर (आर्द्रता आणि तापमान दाखवणारे, त्यांवरून दवबिंदू काढता येतो), एक आत, एक बाहेर. आधी ते तपासा: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ भरून, हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवलं की ७५ टक्के दाखवायला हवं. कोब्याचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजता येतं. चकचकीत पत्र्यावर मात्र ती चुकते, तिथे काळी इन्सुलेशन टेप लावून टेपवर मोजा. बाहेरचा दवबिंदू कोब्याच्या तापमानापेक्षा कमी असेल तरच उघडायचं. आत ६० टक्क्यांखाली राहिलं तर लोखंडाला गंज फार हळू धरतो.

गाडीवर प्लास्टिकचं कव्हर नको, जुनी सुती चादर बरी. सिलिका जेल वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरते, म्हणजे हत्यारांच्या पेटीला ठीक, ७२ घनमीटरला काही नाही. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे गाड्यांजवळ ठेवू नका. त्यांतून गळणारं खारट पाणीच गंज लावतं.

बाकी काम: शटरच्या कडांना ब्रश सील, वळचणीला पत्र्याच्या लाटांमध्ये फोम फिलर, पन्हळ, आणि कोब्यावर पॉलिथिनची चाचणी आणखी एकदा. ती कोरडी निघाली की गाड्या आत.