गंधार खाली नव्हता

"ताईंचा गंधार दर वेळी खाली लागतोय. चौदा सेंट. करेक्ट करून टाकू का?"

रेकॉर्डिस्टने टॉकबॅक, म्हणजे काचेपलीकडे बोलायचा माइक, बंद ठेवून हळूच विचारलं. काचेपलीकडे ताई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मागे त्यांची शिष्या तंबोरा छेडत होती. मी स्क्रीनवर पाहिलं. पिचच्या आलेखात षड्ज पट्टीच्या मधोमध, पंचम जवळजवळ मधोमध आणि गंधार प्रत्येक ओळीत तेवढाच खाली. चौदा, पंधरा, चौदा. की-बोर्डच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. या गोष्टीला आता पाच महिने झाले, तरी तो आलेख डोळ्यांसमोरून जात नाही. चुकणारा माणूस दर वेळी इतका सारखा कसा चुकेल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. "थांब जरा, आधी पॅड बदलून बघू," एवढंच म्हणालो.

काम साधं होतं. वारीवरच्या एका माहितीपटासाठी भूप रागातला एक अभंग, चाल ताईंचीच. पट्टी काळी चार, म्हणजे ताईंचा सा की-बोर्डच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. पखवाज आणि टाळ आधीच डब झालेले. माझ्याकडे पॅड, म्हणजे गाण्याखाली सतत धरून ठेवलेले सूर, आणि बास. प्रोग्रॅमर म्हणजे दिवसभर नवनवे आवाज घडवणारा माणूस, अशी बाहेर समजूत असते. खरं तर निम्मा दिवस हाताशी असलेले हजारो आवाज नाकारण्यात जातो. दिग्दर्शकाला "भव्य" हवं होतं. हा शब्द मला गेल्या काही वर्षांत फार ऐकावा लागतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा "जाड" एवढाच असतो.

पहिला पॅड मी सीरममध्ये केला होता. स्टीव्ह ड्यूडाने २०१४ मध्ये आणलेला हा सिंथ, म्हणजे संगणकातला सिंथेसायझर, आज कुठल्याही प्रोग्रॅमरच्या मशीनवर सापडतो. वेव्हटेबल म्हणजे लहरींच्या आकृत्यांची चळत. ती चाळत गेलं की आवाजाचा रंग पालटतो. वर युनिझन. मी सात आवाज ठेवले होते, म्हणजे एकाच सुराच्या सात प्रती, कुणी थोडी चढी, कुणी थोडी उतरलेली. माझ्या प्रती दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटपर्यंत पसरल्या होत्या. जाडी येते ती तिथूनच. दिग्दर्शक खूश होता. ताईंनी हेडफोनचा एक कान बाजूला केला, मग दुसराही केला. "अरे, छान आहे, पण याच्यात सूर कुठे आहे? नुसतं धुकं आहे." दोष सीरमचा नव्हता, मी त्याला धुकंच करायला सांगितलं होतं.

मग मी डिव्हा उघडला. बर्लिनच्या यू-ही कंपनीचा, २०११ मधला. जुन्या ॲनालॉग सिंथचे फिल्टर इतक्या मन लावून उतरवलेले दुसरीकडे मी ऐकले नाहीत. प्रोसेसर खातो, म्हणून सेशनमध्ये मी त्याची ॲक्युरसी खालच्या पायरीवर ठेवतो आणि बाउन्स करताना, म्हणजे अंतिम फाइल काढताना, वर नेतो. नवीन मुलांनी इथे जपावं. दोन्ही पायऱ्यांवर फिल्टर नेमका तसाच वागत नाही, आणि मंजूर झालेला आवाज एक, हातात पडलेला दुसरा, असं होऊ शकतं. डिव्हामध्ये युनिझन काढून एकच ऑसिलेटर, म्हणजे सुराची एकच मूळ लहर, ठेवला. धुकं गेलं. पण या सिंथचा सगळा जीव त्याच्या किंचित अस्थिरतेत आहे. प्रत्येक आवाज शेजारच्यापेक्षा केसभर वेगळा असतो, जुन्या यंत्रांत असायचा तसा. ताई दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "आता सूर आहे, पण तो बसत नाहीये."

ओम्निस्फिअर उघडायचा मोह झाला होता. २००८ पासून चित्रपटसंगीतात त्याचे पॅड ऐकतोय, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच "महाग" वाटतात. पण ताईंना महाग नको होतं, स्थिर हवं होतं. म्हणून व्हायटल. मॅट टायटेलने २०२० मध्ये काढलेला, मूळ आवृत्ती फुकट. एक ऑसिलेटर, जवळजवळ साइन, वर थोडे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर), युनिझन एक, कसलंही हलणं नाही. शाळेतल्या प्रयोगशाळेत वाजेल असा आवाज. वाटलं, आता तक्रारीला जागाच उरली नाही.

ताईंनी गंधारावर मुक्काम केला. तिथेच राहिल्या. चेहरा आक्रसला. मग डावा हात उचलून त्यांनी मांडीवर बोटाने ठोका धरायला सुरुवात केली, तालाशी काही संबंध नसलेला. टक, टक, टक, टक. गाणं सोडून त्या म्हणाल्या, "हे बघ, असं हलतंय. मगाशी धुक्यात दिसत नव्हतं, आता दिसलं. तुझा गंधार चढा आहे."

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आलेखात पॅड शून्यावर होता आणि ताई चौदा खाली. यंत्र खोटं बोलत नाही, असा त्याचा चेहरा होता. तो कामाला चांगला आहे, पण या पिढीतल्या कित्येकांचे कान डोळ्यांत गेले आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

सेशन तिथेच थांबवलं. रात्री घरी वही घेऊन बसलो. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ. पंचम दीडपट, गंधार सव्वापट. ही अंतरं कुणी ठरवलेली नाहीत, तारेतच आहेत. खरजाची तार छेडली की तिच्या पाचव्या हार्मोनिकमध्ये गंधार आपोआप बोलतो, त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सव्वापट केली तर २५९.५७. की-बोर्डवर काळी चारचा गंधार म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, २६१.६३. फरक जेमतेम २.०६ हर्ट्झ. दोन सुरांत दोन हर्ट्झचा फरक असला की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मी घड्याळ समोर ठेवून ताईंचा ठोका आठवून मांडीवर धरला. सेकंदाला दोन.

बराच वेळ तसाच बसून राहिलो. ताईंनी बोटाने दाखवलं होतं तेच उत्तर मला काढायला कॅल्क्युलेटर लागला. सप्तकाचे बारा समान तुकडे केले की गंधार सव्वापटीपेक्षा चौदा सेंट चढतो, हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागे पेटीच्या या ठोकळेबाज सुरांचीही तक्रार होती, हेही ठाऊक होतं. तो मला जुन्या लोकांचा हट्ट वाटायचा. आणि सीरमच्या धुक्याचंही कोडं सुटलं. दोन्हीकडे पंधरा सेंट पसरलेल्या सात प्रतींमध्ये ताईंचा गंधार कुठेतरी मावून जात होता. जाड आवाजाने चूक सुधारली नव्हती, झाकली होती.

वाद्य आपल्याला हवं तसं ट्यून करायची सोय कितीतरी सिंथमध्ये असते, पण मी एवढ्या वर्षांत तो मेनू उघडला नव्हता. व्हायटलमध्ये स्काला फाइल, म्हणजे ट्यूनिंगची फाइल, सरळ ओढून टाकता येते. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येतो. प्रत्येक स्वर साच्या किती पट ते एकेका ओळीत: रे ९/८, ग ५/४, प ३/२, ध ५/३, असे बारा स्वर लिहिले. टाकली आणि वाजवलं तर सगळं आधीपेक्षा वाईट. अर्धा तास गेल्यावर उमगलं की या फाइलमध्ये नुसती अंतरं असतात, सा कुठला ते नसतं. ते दुसऱ्या फाइलमध्ये, की-बोर्ड मॅपिंगमध्ये सांगावं लागतं. नाहीतर तो पांढरी एकलाच सा धरतो. मॅपिंगमध्ये सा काळी चारवर आणला. सा-ग-प दाबलं आणि खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली. तीन पट्ट्या दाबल्या होत्या, ऐकू एकच आवाज येत होता.

दोन दिवसांनी ताई परत आल्या. मी काही सांगितलं नाही. पहिल्या गंधाराला त्यांनी डोळे उघडले, काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि गात राहिल्या. तिसरा टेक अंतिम ठरला. आलेखात गंधार होता तिथेच, चौदा सेंट खाली. रेकॉर्डिस्ट या वेळी करेक्शनचं काही बोलला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या कडव्यात पॅड हलता राहावा म्हणून मी रे आणि ध ही जोडी घेतली होती. की-बोर्डच्या नेहमीच्या सुरांत ती स्वच्छ पंचमासारखी वाजते. माझ्या नव्या फाइलमध्ये ती कण्हायला लागली. ९/८ चा रे आणि ५/३ चा ध यांत शुद्ध पंचमाएवढं अंतर नाही, ते साडेएकवीस सेंट कमी पडतं. हेलकावे सेकंदाला आठ-नऊ. ध चढवून २७/१६ वर नेला तर जोडी सुधारते, पण मग तो ताईंच्या भूपाचा धैवत राहत नाही. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, तो देसकाराकडे गेला. भूपात नको आणूस." देसकार म्हणजे भूपाचेच स्वर घेणारा दुसरा राग. म्हणजे गंधार दुरुस्त करून मी प्रश्न फक्त धैवतावर ढकलला होता. बारा पट्ट्यांत सगळ्या जोड्या एकाच वेळी शुद्ध बसत नाहीत, यावर कुठल्याच सिंथमध्ये बटण नाही.

शेवटी रे-ध काढून टाकली. तिथे फक्त सा-प ठेवला. दिग्दर्शक म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात जागा रिकामी वाटते." त्याचं खोटं नाही, मलाही वाटते. सिंथ दर सुराला वेगळा धैवत देऊ शकतो. पॅड तुकड्यातुकड्यांनी वाजवून, दर तुकड्याला पिच बेंडने, म्हणजे सूर किंचित वर-खाली सरकवून, हवा तिथे आणून बसवला असता, तर कदाचित जोडीही राहिली असती आणि भूपही. मिक्सला दोन दिवस उरले होते. मी केलं नाही.

हल्ली मुलं विचारतात, सर, सीरम घेऊ की डिव्हा? मी आधी विचारतो, वर कोण गाणार आहे? उत्तर बहुतेकांकडे नसतं. गाणारं कुणी नसेल, नुसता ट्रॅक असेल, तर काहीही घ्या, दोन्ही उत्तम आहेत. वर आपला गाणारा असेल, तर प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, ऐकण्याआधी ट्यूनिंगचा मेनू शोधा आणि युनिझन एकवर आणून एक गंधार धरून बसा.

त्या आठवड्यात मी जुन्या हार्डडिस्क काढल्या. २०१६ चं एक सेशन सापडलं, तेही अभंगाचंच, गाणारे एक म्हातारे वारकरी बुवा. त्यांच्या ट्रॅकवर मी स्वतः करेक्शन बसवलं होतं आणि ट्रॅक तसाच बाउन्स केला होता. फाइलच्या नावातच लिहिलंय, "फायनल ट्यून्ड". गंधार बरोब्बर शून्यावर आहे. न सुधारलेला टेक मी त्या डिस्कवर तीनदा शोधला, बॅकअपमध्येही शोधला. जागा वाचवायला तेव्हा कच्चे टेक काढून टाकायचो. बुवांचा फोन नंबर अजून माझ्याकडे आहे.