थाप

परवा दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तोच मागच्या बाल्कनीतले वॉशिंग मशीन मध्येच थांबले आणि चार वेळा केविलवाणे ओरडून गप्प झाले. जाऊन पाहिले तर त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे एक आकडा लुकलुकत होता. त्या अक्षराचा अर्थ माहितीपुस्तिकेत असणार आणि ती पुस्तिका घरातच कुठेतरी असणार, हे ठाऊक असूनही माझा हात आपोआप उचलला गेला आणि मशीनच्या डाव्या अंगाला मी एक सणसणीत थाप मारली. मशीनने ती मनावर घेतली नाही. मला मात्र प्रश्न पडला, की डाव्याच अंगाला का?

त्याचे उत्तर पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात होते. तिथे माजघरातल्या फळीवर, आईने भरतकाम केलेल्या रुमालाखाली बाबांचा रेडिओ असे. पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या पाच काचेच्या नळ्यांचा. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी तापायचा, मग खाकरायचा, आणि मग पुणे केंद्र लागायचे. त्याच्या पाठीला भोकाभोकांचा पुठ्ठा होता. त्या भोकांतून आत पाहिले, की संध्याकाळी दिवेलागण झालेल्या एखाद्या आळीसारखे ते व्हॉल्व्ह तांबूस उजळलेले दिसत, आणि डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत आम्ही भावंडे तिथे हात शेकत असू. बातम्या ऐन रंगात आल्या, की हा रेडिओ हमखास घोगरा व्हायचा. मग बाबा जागेवरून उठत आणि रेडिओच्या डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यापासून चार बोटे खाली, तळहाताच्या बुडाने एकच थाप देत. पुणे केंद्र पुन्हा ठणठणीत! तीच थाप मी मारली तर खरखर वाढे आणि थोरल्या भावाने मारली तर रेडिओ साफ बंद पडे. ‘हात बसावा लागतो,’ असे बाबा म्हणत. व्हॉल्व्हच्या पायांना गंज धरून खोबणीतला जोड सैल होतो आणि हादऱ्याने तो पुन्हा बसतो, हे मला फार पुढे कळले. तोपर्यंत, आमच्याप्रमाणेच रेडिओही बाबांना घाबरतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

दोन दिवसांनी सिडकोतून दुरुस्तीला मुलगा आला. त्याने मशीनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“काका, मारलं का याला?”

“नाही,” मी म्हणालो. ही त्या आठवड्यातली दुसरी थाप.

“मारून उपयोग नसतो. बोर्ड गेलाय.”

त्याने झाकण उघडून तो बोर्ड दाखवला. दमटपणा लागू नये म्हणून तो आख्खाच्या आख्खा पारदर्शक, चिकट लुकणात बुडवून टाकलेला होता. साखरेच्या पाकात माशी अडकावी, तशी त्याच्या मधोमध एक काळी चिप बसली होती. दुरुस्त होत नाही का, असे विचारल्यावर, “उघडतच नाही, तर दुरुस्त काय करणार? आख्खा बदलायचा,” असे तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. मग मला बरे वाटावे म्हणून असेल, त्याने त्या चिपचे गुण सांगितले. कपडे टाकल्यावर मशीन पाणी घेण्याआधी कोरडेच दोन-तीन हिसके देते, ते उगाच नव्हे; मोटारीला किती जड जाते यावरून ते कपड्यांचा भार ताडते आणि पाणी किती घ्यायचे ते ठरवते. मेथीची जुडी हातात तोलून बघणाऱ्या बाईची ही अक्कल नखाएवढ्या चिपमध्ये बसवली आहे, याचे मला खरोखर कौतुक वाटले. १९७१ साली इंटेलने एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी ४००४ नावाची चिप बनवली, तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे व्हॉल्व्हचेच काम करणारे अतिसूक्ष्म भाग, होते. बाबांच्या रेडिओत व्हॉल्व्ह पाच. पण ते पाचही मी डोळ्यांनी पाहिले होते.

त्या मुलाला साडेचार हजार रुपये देऊन वाटेला लावले आणि मला मोजण्याचे वेड लागले. घरात असे लपून बसलेले संगणक किती? फ्रिज, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, टीव्ही आणि त्याचा रिमोट, रिमोटवर चालणारे दोन पंखे, रक्तदाब मोजायचे यंत्र, जिन्याखालचे नवे वीजमीटर, ज्यातली गोल फिरणारी चकती आता गेली. गाडीच्या किल्लीत एक. मुलीच्या नव्या पासपोर्टच्या जाड कव्हरात एक. ही पुस्तिका आमच्या नाशिकरोडच्याच सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, पण कव्हर कितीही चाचपले तरी आतले काही हाताला लागत नाही. ‘दारावरची घंटी धरली का?’ असे हिने आतून विचारले. धरली नव्हती. आमची घंटी गणपतीची आरती म्हणते, तेव्हा तिलाही काहीतरी पाठ असणारच. एकूण एकतीस भरले.

हे असे होणार, हे अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी १९९१ सालीच लिहून ठेवले होते. एकेका खोलीत शंभरावर संगणक असतील आणि एकही जाणवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. दाखला त्यांनी लिपीचा दिला होता: रस्त्यावरच्या पाट्या आपण वाचायचे ठरवून वाचत नाही, त्या वाचल्या जातात. हे अगदी खरे आहे. पाट्या न वाचता कोणी रविवार कारंजापासून मेनरोडने चालून दाखवावे. वायझर १९९९ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारले, नाहीतर मला त्यांच्याशी थोडे भांडायचे होते. पाटी दिसेनाशी होते, पण मान वळवली की पुन्हा दिसते. हे बोर्ड एकदा दिसेनासे झाले, की थेट बिघडल्यावर एका अक्षराचे आणि एका आकड्याचे रूप घेऊन प्रकट होतात.

मोजणारे यंत्र कसे असावे, तर दुतोंड्या मारुतीसारखे, असे माझे नाशिककराचे हट्टी मत आहे. रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रात तो उभा आहे, एक तोंड पुढे आणि एक मागे. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून शहर आपापले ठरवते. गळ्याशी आले की सराफ बाजारातली मंडळी माल वर हलवू लागतात. आता गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक सोडले, ते मिनिटभरात मोबाइलवर येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हा हिशेबही मला येतो. तरी तो आकडा वाचून झाल्यावर मी शेजाऱ्यांना विचारतोच, “मारुती किती बुडाला?” दिंडोरीकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. तिथे वेलींत एक पांढरे, पानाच्या आकाराचे खोटे पान टांगले आहे. खरी पाने किती तास ओली राहिली ते त्यावरून कळते आणि डाऊनी हा द्राक्षांचा रोग येणार का, याचा इशारा त्याच्या मोबाइलवर येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे उठून तो तळहाताच्या मागच्या बाजूने पाने चाचपायचा. अजूनही चाचपतो. कारण विचारले तर हसतो.

बाबा शेवटची काही वर्षे असे स्वतःलाच चाचपत असत. २०१४ साली वाड्याच्या जिन्यावर त्यांना घेरी आली, नाडी चाळिसाच्या खाली गेली होती, आणि त्यांच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवावा लागला. ते यंत्र प्रत्येक ठोक्यावर कान ठेवून असते, हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर आला तर गप्प बसते आणि चुकला तरच विजेचा हलकासा धक्का देते, असे डॉक्टरांनी समजावले. बाबांना ते लगेच पटले. “म्हणजे मलाही आता डाव्या अंगाने थाप लागते,” असे ते येईल त्या पाहुण्याला सांगत. १९५८ साली स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासांतच बंद पडला, पण तो रुग्ण यंत्रे बदलत बदलत २००१ सालापर्यंत जगला, ही गोष्टही ते फार रंगवून सांगत. मोबाइल मात्र शिस्तीने उजव्या कानाला लावत.

ते गेले तेव्हा रुग्णालयात एका माणसाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “पेसमेकर आहे ना? काढावा लागेल.” त्यातली बॅटरी चितेत फुटते. थोड्या वेळाने त्याने एका पाकिटात घालून ते माझ्या हातात दिले: काडेपेटीहून लहान, गुळगुळीत, राखाडी, कुठेही झाकण नाही, बटण नाही. आदल्याच महिन्यातल्या तपासणीत त्याची बॅटरी अजून चार वर्षे चालेल, असे निघाले होते.

ते कपाटात बाबांच्या घड्याळाच्या डबीत आहे. चार वर्षे अजून व्हायची आहेत. ठोका आला नाही की धक्का द्यायचा, एवढेच त्याला माहीत आहे. हिला सांगितलेल्या एकतिसात मी ते धरले नव्हते.