रोजची चौकट

बाबांनी शटडाऊन दाबलं आणि स्क्रीनवर एररची चौकट आली. मेमरी वाचता येत नाही म्हणे.

बाबा निवांत. "येऊ दे रे, रोजचीच आहे. ओके केलं की जाते. नाही गेली तर भिंतीवरचं बटण आहेच."

भिंतीवरचं बटण! मी खुर्ची ओढून बसलो.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडला. लाल खुणेच्या नोंदी एकाखाली एक, आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ (बिघडलेला भाग) यासमोर प्रत्येक वेळी तीच फाइल. जुन्या अँटिव्हायरसची. तो काढून दुकानदाराने नवा बसवून दिला होता, पण जुन्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा भाग, मागेच राहिली होती. एका दाराला दोन वॉचमन.

कंट्रोल पॅनलमधून काढलं की गेलं, असं याबाबतीत नेहमी होत नाही. अँटिव्हायरस ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याजवळच्या, पातळीपर्यंत आत शिरलेला असतो. त्यासाठी कंपन्या वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) चालवलं, चौकट बंद.

जुलै २०२४ मध्ये अशाच एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर आडवे केले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

पण मला खटकलं ते बाबांचं "रोजचीच आहे". पैसे मोजून घेतलेली वस्तू रोज अडते, आणि आपण ओके म्हणतो.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, फुकट असतो, घरच्या वापराला पुरतो, असं सांगितलं तर म्हणाले, "फुकटचा कसला पहारा?"

तुम्ही घरच्यांना हे कसं पटवता?