तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याला गेलेला आणि गोव्याला जाऊन आलेला

'हॅज गॉन टू' आणि 'हॅज बीन टू' या दोहोंचा अर्थ मराठीत 'गेला आहे' असाच होत असेल, तर इंग्रजीला दोन रचना कशाला हव्यात, हा प्रश्न खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना मला दरवर्षी विचारला जातो. आता पालकही विचारू लागले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात मराठीत त्यांचा अर्थ एक होत नाही. सुट्टीत गोवा पाहून आलेला मुलगा माझ्यासमोरच्या बाकावर बसून 'आय हॅव गॉन टू गोवा' असे सांगतो, तेव्हा इंग्रजीच्या हिशेबाने तो अजून गोव्यातच असतो. घरी मात्र हाच मुलगा 'दादा गोव्याला गेलाय' आणि 'दादा गोव्याला जाऊन आलाय' यांत कधीही गल्लत करत नाही. शेजारच्या कन्नड घरातही 'होगिद्दाने' आणि 'होगि बंदिद्दाने' असे वेगवेगळेच बोलतात. परतणे सांगण्यासाठी आपण 'येणे' जोडतो, इंग्रजी 'बीन' वापरते, एवढेच. घोटाळा होतो तो शब्दाला शब्द लावत गेल्यामुळे.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचेही तसेच आहे. सभेला पाचच माणसे आली असली, तरी 'अ फ्यू' म्हणणाऱ्याला काहीजण आल्याचे समाधान असते आणि 'फ्यू' म्हणणाऱ्याला थोडीच आल्याची खंत. इंग्रजीत 'अ' गाळल्याने जे साधते, ते आपण 'च' लावून साधतो आणि कन्नड शब्दाच्या शेवटी 'ए' जोडून.

'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू' यांच्या बाबतीत मात्र आपल्या भाषा फारशा मदतीला येत नाहीत, कारण आपले 'येऊ नका' मनाईलाही चालते आणि सवलतीलाही. कन्नडमधील 'बरबेडि'चेही तेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मराठी न येणाऱ्या एका केरळी सहकारी शिक्षिकेला मी 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो' अशी चिठ्ठी पाठवली होती. पाऊस फार आहे, उद्या आला नाहीत तरी चालेल, असे मला सुचवायचे होते. दुसऱ्या दिवशी त्या भर पावसात आल्या, आपले काय चुकले हे विचारायला.